मुका ठसका

बसवंत आचारी एका दिवसात हजार माणूस जेवू घालायचा, आणि त्याच्या पोटच्या पोरीला वाटीभर पाणी धड गिळता येत नव्हतं. कुरुंदवाडच्या आसपासच्या गावांना यातली पहिली गोष्ट माहीत होती. दुसरी कळू नये म्हणून बसवंत जिवाचं रान करायचा.

मिरजेच्या दवाखान्यातही तो तोंडाला टॉवेल गुंडाळून बसला होता. तरी एकानं ओळखलंच.

"बसवंतअण्णा न्हवं? आमच्या थोरल्याच्या लग्नात तुमचीच हुग्गी होती की! गव्हाची खीर खावी तर तुमच्या हातची. इकडं कुणाला घेऊन आलाय?"

"पावण्याला," बसवंत म्हणाला.

शेजारीच त्याची सात वर्षांची चन्नी बसली होती. तिच्या हनुवटीवरनं लाळ ओघळत होती आणि तिची आई गिरिजा ती पदरानं टिपत होती. पावणा कोण, ते मायलेकींना बरोबर कळलं. गिरिजा बोलली नाही. चन्नीला बोलताच येत नव्हतं. त्या माणसानं पोरीकडं बघितलं, मग बसवंताकडं बघितलं, आणि "बरं, येतो" म्हणून सटकला. लोकांना सगळं कळतं. आपण टॉवेल गुंडाळतो तो फक्त आपल्याच डोळ्यांवर.

आत तरन्नुम मुल्लाणी नावाच्या मॅडम होत्या. बोलणं आणि गिळणं ज्यांना जड जातं अशा मुलांना शिकवायचं हे त्यांचं काम. त्यांनी चन्नीच्या गळ्यावर बोटभर लांबीची एक मऊ पट्टी चिकटवली. पट्टीच्या टोकाला मोहरीएवढा दिवा होता.

"हिला कंठी म्हणतात," मॅडम म्हणाल्या. "दोनच वर्षं झाली येऊन. आता नीट ऐका. आपल्या गळ्यात दोन वाटा असतात. एक अन्नाची, एक वाऱ्याची. वाऱ्याच्या वाटेवर झाकण असतं. घास मागे आला की मेंदू झाकणाला हुकूम देतो, मीट. चन्नी जन्मताना उशिरा रडली. तेवढ्या वेळात हा हुकूम देणाऱ्या भागाला प्राणवायू कमी पडला. हुकूम सुटतो, पण उशिरा सुटतो. पाणी पळत येतं. झाकण मिटायच्या आत ते फुप्फुसाच्या वाटेला लागतं. दाट घास रांगत येतो, तेवढी झाकणाला सवड मिळते. म्हणून हिला सगळं दाट करून द्यायचं."

"ते देतोयच की," बसवंत म्हणाला. "आणि हिला कधी ठसकाबी लागत न्हाई."

"तीच तर भीती आहे. तुमच्या वाटेत भाताचं शीत गेलं तर तुम्ही खोकून खोकून लाल व्हाल. हिची ती वाट बधिर आहे. अन्न गुपचूप खाली उतरतं, फुप्फुसात कुजतं आणि ताप येतो. आम्ही याला मुका ठसका म्हणतो. पूर्वी तो पकडायला खडूसारखं औषध पाजून एक्स-रेखाली गिळायला लावायचे. घाबरलेल्या पोराला, दवाखान्यात, एकदाच. ही कंठी घरी बसून प्रत्येक घास ऐकते. गिळतानाचा आवाज, त्याच्या मागचा श्वास, आणि गळ्याच्या स्नायूंतून जाणारी बारीक वीज. लाखो मुलांचे घोट ऐकून शिकली आहे ती. घास नीट गेला तर दिवा हिरवा, चुकीच्या वाटेनं गेला तर तांबडा."

मग त्यांनी चन्नीच्या गालाला हात लावला. "आणखी एक. जी जीभ घास मागे ढकलते, तीच शब्द पुढे ढकलते. ही बोलायला जाते तेव्हा स्नायू हलतात. आवाज तेवढा निघत नाही. कंठीला हिची सवय झाली की ती एकेक शब्द ओळखून मोठ्यानं म्हणून दाखवेल. आधी तीनच शब्द शिकवू. दे, नको, आई."

गिरिजानं पदर तोंडात धरला.

"पण छातीचे फोटो चांगले नाहीत," मॅडम म्हणाल्या. "पुन्हा ताप आला तर डॉक्टर पोटात नळी बसवतील. तोंडानं खाणं बंद."

बसवंताच्या टाळक्यात सणक गेली. आचाऱ्याची पोर नळीनं जेवणार? लोक काय म्हणतील? आणि आपल्याकडं पुरुषाला लाज वाटायला लागली की ती कुणाच्या तरी गळ्यात घालायची सोय घरातच असते.

"मॅडम, खरं सांगू?" तो म्हणाला. "हिच्या आईचा हात पातळ हाय. लक्ष न्हाई हिचं. मी घरात न्हाई म्हटलं की काय भरवती देव जाणे."

गिरिजानं फरशीकडं बघितलं. मॅडमनी बसवंताकडं बघितलं.

"जो कुणी भरवेल त्यानं कंठी लावूनच भरवायचं," त्या म्हणाल्या. "दोघांनीही."

•

यंत्र म्हटलं की बसवंताच्या तळपायाची आग मस्तकात जायची. सरकारनं लाकडाची चुलाणं बंद करून विजेच्या भट्ट्या सक्तीच्या केल्या, तेव्हा त्यानं तोंड वाकडं केलं. मग पुण्याचे केटरर वाढपी यंत्रं घेऊन कोल्हापुरात उतरले. चाकांवरनं फिरत फिरत पानात मापात वाढणारी. तरीसुद्धा शिरोळ तालुक्यातली माणसं म्हणायची, लग्न तिकडं करा, हुग्गी बसवंताची. त्या एका वाक्यावर तो ताठ चालायचा.

आणि आता ही पट्टी त्याच्या हाताला पारखणार होती.

आषाढ लागला. मुहूर्त संपले, बसवंत घरी आला. सकाळी गिरिजा दवाखान्यातली पूड पाण्यात, वरणात, ताकात कालवून चन्नीला भरवायची. कंठी हिरवी, हिरवी, हिरवी. संध्याकाळी बसवंत भरवायला बसायचा आणि पहिलं काम करायचा ते कंठी सोडवून फ्रिजवर ठेवायची.

"अवं, मॅडमनी सांगितलंय की..."

"मॅडमनं किती पंगती उठवल्यात? ती डिंकाची पूड खाऊन पोर जगंल व्हय? सर तिकडं. बापाच्या हातावर पहारा नको मला."

तो तिच्यासाठी वेगळी हुग्गी करायचा. सडून कोंडा काढलेला गहू शिजवून, वाटून, वस्त्रगाळ करून, गूळ घालून आटवायची. पळी उपडी धरली तरी खाली पडू नये इतकी दाट. त्यात खोट काढायला जागा नव्हती. चन्नी तो घास तोंडात घ्यायची आणि गालात धरून ठेवायची. किती तरी वेळ. डोळे बापावर रोखलेले.

"बघ," बसवंत म्हणायचा. "चव घेती. तुझ्या पुडीला असं धरती का? झटक्यात गिळून मोकळी. आचाऱ्याची पोर हाय ती."

श्रावणात ताप आला. दरवर्षीच यायचा. शेजारपाजारचे म्हणायचे, पावसाळी हवा. लग्नसराईत बाप परगावी असतो तेव्हा पोर बरी असते आणि बाप घरात बसला की छाती भरते, हे कुणीही उघड्या डोळ्यांनी बघितलं असतं. पण बायकोच्या चुका मोजायची सवय लागलेल्या गावात बापाकडं कोण बघतो?

"तुझं यंत्र तर हिरवं दावतंय," बसवंत गिरिजावर गरजला. "मग ताप आला कुठनं? एक तर ते खोटं, न्हाईतर तू खोटी."

गिरिजाच्या ओठावर आलेलं तिनं गिळलं. गिळता येणाऱ्यांना हीच तर मुभा असते.

गोळ्यांनी ताप उतरला. डॉक्टरांनी आणखी एक संधी दिली. बसवंतानं ती बायकोला दिली असल्यासारखं दाखवलं. शिरोळला बहिणीकडं गेला तेव्हा चारचौघांत बोलून आला, "घरात बाई धड नसली की पोराची अशी दशा हुती."

•

त्याच बहिणीच्या, नीलाक्काच्या नातवाचं जावळ दिवाळीनंतर निघालं. स्वयंपाक अर्थातच बसवंताचा. चन्नीला न्यायचं नाही असं तो म्हणाला. गिरिजा पहिल्यांदाच अडून बसली. "माझ्याबी भाच्याचं पोर हाय ते. येणार तर दोघी येणार." तिनं चन्नीला फुलाफुलांचा झगा घातला, गळ्यावर कंठी लावली आणि वरनं रुमाल बांधला.

पंगत बसली. गिरिजा एका कोपऱ्यात चन्नीला पूड घातलेलं ताक भरवत होती. नीलाक्का पाण्याचा जग घेऊन फिरता फिरता तिथं थांबली.

"काय गं हे चिकट? शेंबडावाणी. आज सणाचं तरी पोरीला गोडाधोडाचं घाल की."

"तिला सोसत न्हाई वन्सं."

"तुझ्या हातनं सोसत न्हाई. बसवा! अरं ये हिकडं. लेकीला दोन घास भरव, बघू दे सगळ्यांना."

माणसांनी माना वळवल्या. बसवंत हात पुसत आला. खरं तर त्याला हे आवडलं. ज्या पोरीला तो पावणा म्हणाला होता, तिला आज सगळ्यांसमोर मांडीवर घेतलं, कारण आज लाज बायकोच्या पदरात होती. त्यानं हुग्गीचा घास तिच्या तोंडात घातला. चन्नीनं तो गालात धरला.

"बघा," नीलाक्का म्हणाली. "बापाच्या हाताची चव कशी घेतीया."

मग चन्नीनं गिळलं. रुमालाखाली काहीतरी पिप् करून वाजलं आणि पातळ कापडातनं तांबडा ठिपका दिसला.

"ते काय रं?" कुणीतरी विचारलं.

"खेळणं हाय," बसवंत म्हणाला आणि दुसरा घास भरवला.

"अवं, थांबा," गिरिजा उठली. "चुकीच्या वाटेनं गेलंय. थांबा म्हणते ना!"

"यंत्र बिघडलंय."

पुन्हा पिप्. पुन्हा तांबडं. आणि मग रुमालाखालून बारीक, सपाट, कुणाचाच नसलेला आवाज आला.

"नको."

चन्नीचे ओठ नुसते थरथरत होते. डोळे बापावर रोखलेले होते, रोज असायचे तसेच.

"नको," आवाज म्हणाला. "नको. नको."

ती सात वर्षांची होती आणि बापाशी बोललेला हा तिचा पहिला शब्द होता. बसवंताला तो ऐकू आला. कळलाही. पण पानावर बसलेली सगळी माणसं त्याच्या हाताकडं बघत होती, आणि तो हात घास घेऊन अर्ध्यात होता. माघारी घेतला तर? आचाऱ्याचा हात भरल्या पंगतीत माघारी जातो का?

त्यानं तिसरा घास भरवला.

•

दुसऱ्या दिवशी चन्नीला धाप लागली. मिरजेला नेईपर्यंत ओठ निळे पडले होते. डॉक्टरांनी तिला आत घेतलं, नाकाला प्राणवायू लावला. जीव वाचला. पोटात नळी बसवायची ठरली, आणि त्यावर कुणी वाद घातला नाही.

तरन्नुम मॅडमनी बसवंताला खोलीत बोलावलं. त्यांचा आवाज चढला नाही, त्यामुळं त्याला जास्त भीती वाटली.

"तुमची हुग्गी आणायला सांगितली होती."

त्यानं डबा पुढं केला. मॅडमनी एका वाटीत हुग्गी घेतली, दुसरीत पूड कालवलेलं वरण. दोन्हींत चमचा उभा राहिला.

"आता दोन्ही वाट्यांत थुंका."

"काय?"

"थुंका. लाळ पाहिजे."

हजार पानं वाढणारा माणूस वाटीवर वाकला आणि आपल्या हातच्या अन्नात थुंकला. मॅडमनी दोन्ही वाट्या ढवळल्या आणि बाजूला ठेवल्या. बसवंत बघत बसला. हळूहळू हुग्गीतला चमचा कलंडला. कडेनं पाणी सुटलं. थोड्या वेळानं ती ताकासारखी हलायला लागली. वरणातला चमचा तसाच उभा.

"लाळेत एक पाचक रस असतो," मॅडम म्हणाल्या. "तो पिठाचं पाणी करतो, साखर करतो. भाकरी फार वेळ चावली की गोड लागते ती त्यामुळंच. हुग्गीचा सगळा दाटपणा गव्हाच्या पिठाचा. आपण लगेच गिळतो, म्हणून आपल्याला फरक पडत नाही. चन्नी घास धरून ठेवते. ती गिळते तेव्हा ते पाणी झालेलं असतं. पुडीत पीठ नाही, म्हणून लाळ तिचं काही करू शकत नाही."

बसवंताला दुसरंच आठवत होतं. उष्टी पळी पुन्हा खिरीत घालायची नाही, हा त्याच्या धंद्यातला पहिला नियम. घातली तर खीर पातळ होते. वाढप्यांच्या दोन पिढ्यांना त्यानं त्यावरून शिव्या हासडल्या होत्या, एकाच्या मुस्काटात मारली होती. खीर फुटते, ते त्याला शिकाऊ असल्यापासून माहीत होतं. त्याला वाटायचं, उष्ट्याचा विटाळ होतो. आणि घरी पोरीच्या तोंडात रोज तीच खीर फुटत होती.

"पण ती धरून का ठेवायची?" त्यानं विचारलं. उत्तर त्याला माहीत होतं. तरी कुणीतरी दुसऱ्यानं ते बोलावं असं वाटत होतं.

"तुम्ही सांगा."

"चव घेती असं वाटायचं मला."

"तिला कळत होतं की गिळलं की त्रास होतो," मॅडम म्हणाल्या. "थुंकलं तर तुम्ही रागावता. गिळलं तर मागाहून छाती दुखते, ती काही बधिर नाही. मग धरून ठेवायचं. तिच्याकडं तेवढाच एक शब्द होता, बसवंतअण्णा. तो ती रोज म्हणत होती."

बाहेर बाकावर गिरिजा बसली होती. बसवंत तिच्या शेजारी जाऊन बसला.

"माझ्या हातनं झालं," तो म्हणाला.

"मला म्हायती हाय."

"कधीपासनं?"

"तुम्ही फ्रिजवर ठेवलेली कंठी मी रोज उचलून ठेवायची तेव्हापासनं."

"मग बोलली का न्हाईस?"

गिरिजा त्याच्याकडं वळली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं तोंडासमोर तिनं कधी बघितलं नव्हतं. "कुणाला बोलू? तुम्हाला? तुमच्या बहिणीला? पोरगी पंगतीत बोलली, तिचं ऐकलासा? जिच्या गळ्यात यंत्र हाय तिचं ऐकलं न्हाई, माझं ऐकणार हुतासा!"

बसवंतानं टॉवेल चेहऱ्याकडं नेला. मग त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं तो मांडीवर ठेवला.

"माफ कर," तो म्हणाला.

"मला कानात सांगू नका," गिरिजा म्हणाली. "शिवी चारचौघांत दिलीसा. जिथं बोललासा तिथंच जाऊन बोला."

•

शिरोळच्याच एका लग्नात ती वेळ आली. शेवटची पंगत उठायच्या बेतात असली की आचारी बाहेर येतो, हात जोडतो आणि म्हणतो, कमीजास्त झालं असलं तर सांभाळून घ्या. लोक म्हणतात, फस्कलास झालं. हा रिवाज. बसवंत बाहेर आला, हात जोडले आणि त्याला घाम फुटला.

"एक सांगायचंय," तो म्हणाला. "माझी पोरगी, चन्नम्मा. तिला गिळता येत न्हाई, बोलता येत न्हाई. मी लपवत आलो. तिला ताप यायचा तो माझ्या हातच्या हुग्गीनं. ह्याच गावात, नीलाक्काच्या दारात, मी बायकोवर ढकललं. ती बरोबर हुती. पोरगी नको म्हणत असताना मी भरवलं. तिथं हुता त्या सगळ्यांनी बघितलंय."

चमचे थांबले. एका बाईनं पान पुढं सरकवलं आणि शेजारणीच्या कानाला लागली. वराचा बाप घशातल्या घशात खाकरला. बसवंत वाट बघत उभा राहिला. शिवीची, दगडाची, कशाचीही.

"चालायचंच आचारी," एक म्हातारा म्हणाला. "पोराबाळांचं हुतंय कमीजास्त. हुग्गी उरली असली तर वाढा की हिकडं."

दोघं-तिघं हसले. पंगत पुन्हा सुरू झाली.

मांडवाच्या मागं नीलाक्कानं त्याला गाठलं. "घरची लाज चव्हाट्यावर मांडलीस, बसवा?"

"गिरिजाची मांडली तवा तू पाणी वाढत हुतीस, आक्का," तो म्हणाला आणि भांडी गाडीत भरायला लागला.

घरी पोचला तेव्हा चन्नीच्या जेवणाची वेळ झाली होती. आता तिच्या पोटावर शर्टाच्या गुंडीसारखं बटण होतं. त्याला नळी जोडायची आणि नळीला मोठी पिचकारी, दट्ट्या काढलेली. तिच्यात पेज ओतून वर धरायची. छाती स्वच्छ होत चालली होती. दिवसातून एकदा चमचाभर पुडीचं पाणी तोंडानं द्यायलाही मॅडमनी परवानगी दिली होती. दिवा हिरवा लागायचा. कंठीला आता बरेच शब्द यायचे. कुत्र्याला ती हाड म्हणायची.

"बोललासा?" गिरिजानं विचारलं.

"बोललो."

"काय म्हणाले?"

"हुग्गी मागितली."

गिरिजा थांबली. मग तिला हसू फुटलं. कडू, पण खरं हसू. ती हसता हसता रडायला लागली आणि बसवंत मान खाली घालून उभा राहिला. जवळ जायचं धाडस त्याला झालं नाही.

थोड्या वेळानं तिनं डोळे पुसले आणि पिचकारी त्याच्यापुढं धरली. नळी बसल्यापासून पहिल्यांदाच.

"नुसती वर धरायची. ढकलायचं न्हाई. आपसूक जातं."

बसवंतानं ती दोन्ही हातांनी धरली. पेज हळूहळू उतरायला लागली. चन्नीनं आधी पिचकारीकडं बघितलं, मग वर त्याच्याकडं. तिचे ओठ हलले.

"आई," कंठी म्हणाली.

"अगं, बाबा देतोय," गिरिजा म्हणाली. "बघ की, कसा हळू देतोय."

"आई. आई दे."

गिरिजानं नवऱ्याकडं बघितलं. कान लालेलाल झाले होते त्याचे. त्यानं पिचकारी तिरकी होऊ न देता, थेंबही न सांडता, तिच्या हातात दिली.

तो उठून जाणार होता. पण गेला नाही. खाली फरशीवर बसला, चन्नीच्या समोर, आणि आपले दोन्ही रिकामे हात मांडीवर ठेवले. तिला दिसतील असे.